टवका उडाला, पण पिल्लू बाहेर येत नाही: अंडं कधी फोडायचं आणि कुठे थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या धायरीत गच्चीवरच्या खोलीत, थर्माकोलच्या खोक्याचा घरी बनवलेला इन्क्युबेटर, त्यात १२ गावरान अंडी. महिना एप्रिलचा. आज एकविसावा दिवस. ५ पिल्लं बाहेर आली. २ अंड्यांना काल रात्री ९ वाजता टवका उडाला, पण १२ तास झाले तरी पुढे काही नाही. ३ अंड्यांतून चिवचिव ऐकू येते, टवका मात्र नाही. उरलेली २ गप्प. फोडून मदत करू का?

आत्ता नको. टवका उडालेल्या दोन अंड्यांना अजून वेळ आहे आणि चिवचिवणाऱ्या तिघांना तर आहेच. झाकण लावून ठेवा, आणि ते का, हे वाचून मग ठरवा.

अंड्यातून बाहेर पडणं दोन टप्प्यांत होतं. साधारण १९व्या-२०व्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पडदा फोडतं आणि रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत तोंड काढतं. याला आपण आतली टोच म्हणू. त्या क्षणापासून ते फुप्फुसाने श्वास घ्यायला लागतं, म्हणूनच चिवचिव ऐकू येते. पोकळीतली हवा तासागणिक कोंदट होत जाते, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मानेमागचा जाड स्नायू झटके द्यायला लागतो आणि चोचीवरच्या कठीण दाण्याने कवचाला टवका पडतो. ही बाहेरची टोच. आतली आणि बाहेरची टोच यांच्यात २४ तास सहज जातात.

त्यानंतर पिल्लू थांबतं. नवख्यांचा जीव वरखाली होतो तो इथेच. १२ ते २४ तास बाहेरून काही हालचाल नाही, अधूनमधून चोच उघडझाप आणि एखादी चिवचिव. पण आत दोन कामं चालू असतात. कवचाच्या आतून अस्तरासारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त पिल्लाच्या अंगात परत खेचलं जात असतं, आणि उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात जात असतो. ही कामं पुरी होण्याआधी तुम्ही कवच सोललं, तर चिमट्याला लागतं ते पिल्लाचंच रक्त, आणि बलकाची पिशवी पोटाबाहेर लोंबते. घरी मदत करताना मेलेली पिल्लं बहुतेक अशीच जातात. अडकून मरणारी त्या मानाने कमी.

म्हणजे घड्याळ हे फक्त सावध व्हायचं साधन आहे. फोडायचं की नाही, हे ठरतं पडद्यातल्या रक्तवाहिन्यांवर.

आधी झाकण न उघडता करायची कामं. एप्रिलमध्ये पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी असते की बाहेरची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. शेवटच्या तीन दिवसांत इन्क्युबेटरमध्ये ६५ ते ७० टक्के लागते. तुम्ही पाच पिल्लं बघायला झाकण पाच वेळा उघडलं असेल, तर आतली ओली हवा पाच वेळा गेली आणि टवका पडलेल्या अंड्यांचा पडदा पाच वेळा वाळला. तेव्हा हवेच्या भोकातून नळी घालून भांड्यात कोमट पाणी सोडा. पाण्याची खोली वाढवून काही होत नाही, पाण्याचा पसरटपणा वाढवावा लागतो; रुंद ताटली किंवा पाण्यात अर्धा बुडालेला स्पंजचा तुकडा चांगलं काम करतो. हवेची भोकं मात्र बुजवू नका. आर्द्रता टिकावी म्हणून लोक भोकांवर टेप लावतात, आणि नेमकी याच दिवसांत पिल्लांना हवा सगळ्यात जास्त लागते.

बाहेर आलेली पाच पिल्लं आत राहू द्या. पोटातल्या बलकावर त्यांचे ४८ ते ७२ तास निघतात, तेव्हा ‘उपाशी आहेत’ म्हणून घाई नको. त्यांची चिवचिव ऐकून आतली पिल्लं जोर करतात, हा फायदाच. ती अंडी लोळवतात, त्याने फार बिघडत नाही. टवका खाली तोंड करून जाळीवर दाबला गेला असेल तरच हात घालून वर करा.

आता कधी हात घालायचा. टवका पडल्यापासून २४ तास झाले आणि भोक तेवढंच आहे. किंवा कवच गोल कापायला सुरुवात झाली, पाव-अर्धा घेर कापला गेला आणि मग दोन-तीन तास काम बंद. किंवा टवक्यातून दिसणारा पडदा पांढरा कागदासारखा, नाहीतर तपकिरी चामड्यासारखा झालाय. तिसरी खूण दिसली तर २४ तासांची वाट बघायची नाही. वाळलेला पडदा पिल्लाला आवळून धरतो. त्याला मान फिरवता येत नाही आणि थांबल्याने तो आणखी आवळतो. तुमच्या दोन अंड्यांकडे टॉर्च मारून काचेतून हीच एक गोष्ट बघा. पडदा ओलसर, दुधट, किंचित चमकणारा असेल तर रात्री ९पर्यंत वाट बघायची.

काम करायची जागा म्हणजे बाथरूम. गीझरचं गरम पाणी पाच मिनिटं बादलीत सोडा, दार लावा, पंखा बंद. वाफेत पडदा वाळत नाही, आणि एप्रिलच्या कोरड्या खोलीत तेच काम केलं तर तो बघता बघता वाळतो. हाताशी बोथट टोकाचा चिमटा, कॉटन बड, कोमट पाण्याची वाटी (मनगटावर टाकून ना गरम ना गार लागेल असं), थोडं पातळ केलेलं खोबरेल तेल, चिमूटभर कॉर्नफ्लोअर, पोव्हिडोन आयोडिन आणि टॉर्च. हात साबणाने धुवा. हळद ठेवू नका. रक्त थांबवायला आपला हात हळदीकडे जातो हे खरं, पण पडदा पिवळा झाला की वाहिन्या दिसत नाहीत आणि सगळं काम त्या दिसण्यावरच आहे.

टवक्यापासून सुरुवात करून रुंद टोकाकडे जायचं, निमुळत्या टोकाकडे कधीच नाही. कवचाचे डाळीएवढे तुकडे चिमट्याने उचला, फक्त हवेच्या पोकळीवरचे. टॉर्च लावून पोकळीची कड आधी पेन्सिलने आखून घेतली असेल तर चूक होत नाही. कवच उचललं की खाली पांढरा, अपारदर्शक पडदा दिसेल, आणि त्यात चोचीपाशी छोटं भोक. कोरडा असताना तो कोऱ्या कागदासारखा दिसतो, आत काय आहे कळत नाही. कॉटन बड कोमट पाण्यात बुडवा, झटका, आणि पडद्यावर टेकवा. पाणी लागलं तिथे पडदा ट्रेसिंग पेपरसारखा पारदर्शक होतो आणि खालचं सगळं वर येतं. झाडाच्या मुळांसारख्या लाल, भरलेल्या रेघा दिसल्या तर काम तिथेच थांबलं. पडद्यावर खोबरेलचा अगदी पातळ हात फिरवा, नाकपुड्यांपासून दूर, आणि अंडं परत आत. चार ते सहा तासांनी पुन्हा बघा. रेघा नाहीत, किंवा केसासारख्या फिक्या, रिकाम्या रेघा उरल्यात, तर पुढे जाता येतं.

चोचीजवळ पाणी किंवा तेल जाऊ देऊ नका. एक थेंब नाकपुडीत गेला तर पिल्लू गुदमरतं, आणि ती चूक सुधारता येत नाही.

रेघा नसल्या तरी आणखी एक गोष्ट बघायची. पिल्लू चोच उघडून मिटून काहीतरी चघळल्यासारखं, जांभई दिल्यासारखं करत असेल तर बलक अजून पोटात जातोय. पडदा कितीही स्वच्छ दिसो, थांबा. चघळणं बंद होऊन ते जोर द्यायला, ढकलायला लागेल तेव्हाच पुढे.

मग पडदा चोचीपाशी चिमट्याने उचलून डोक्यावरून मागे सोलायचा. आत पिल्लाचं डोकं उजव्या पंखाखाली असतं. चोच मोकळी करा, डोकं अलगद पंखाखालून सोडवा, आणि बास. धड अंड्यातच राहू द्या. कवचाचा खालचा अर्धा भाग वाटीसारखा तसाच ठेवून अंडं इन्क्युबेटरमध्ये. पाय झाडत बाहेर पडणं हे पिल्लाने स्वतः करायचं असतं. बेंबीला काही चिकटलेलं उरलं असेल तर तेवढ्या वेळात ते सुकतं. तास-दोन तासांत बहुतेक जण बाहेर येतात. कोणी रात्रभर त्या वाटीत बसून राहिलं तरी चालतं. पूर्ण बाहेर काढून ओंजळीत घ्यायचा मोह होतो, तो आवरा.

रक्त आलंच तर? टोकदार टाचणीएवढा एक ठिपका येऊन थांबला तर काही नाही, पण तो इशारा आहे, थांबा. थेंब जमून ओघळायला लागला तर कॉटन बडला कॉर्नफ्लोअर लावून त्या जागी मिनिटभर हलका दाब द्या, पुसू नका. थांबलं की अंडं आत ठेवा आणि निदान सहा तास त्याला हात लावू नका.

चिवचिव आहे पण टवका नाही अशी तुमची तीन अंडी. अंधारात टॉर्च रुंद टोकाला लावा. पोकळीत चोचीची हलणारी सावली दिसली तर आतली टोच झाली आहे. वेळ पेन्सिलने कवचावरच लिहा. तिथून २४ तासांत बाहेरची टोच झाली नाही तर श्वासासाठी एक भोक करून द्यायचं. दाभणाचं टोक स्पिरिटने पुसा, रुंद टोकाच्या अगदी माथ्यावर, सावली नाही अशा जागी टेकवा आणि बोटांत फिरवत राहा. खुपसायचं नाही, कवच मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच जाड असतं आणि ते फुटल्याचं बोटाला कळतं. भोक २-३ मिलिमीटरचं, त्याहून मोठं नको. हवा मिळाली की पिल्लाची घाई संपते आणि आपल्यालाही वेळ मिळतो. इथून पुढे पुन्हा तेच: थांबायचं, पडदा बघायचा.

कधी टवका निमुळत्या टोकाला पडतो. पिल्लू उलटं आहे. घाबरून रुंद टोक फोडू नका, तिथे डोकं नाहीच. या बाजूला हवेची पोकळी नसते, वाहिन्या थेट कवचाला लागून असतात आणि रक्त ओढलं जायला जास्त वेळ लागतो. नाकाशी दोन-तीन मिलिमीटरचं भोक मोकळं आहे ना एवढं बघा, आणि इतरांपेक्षा जास्त वाट बघा. उलटी पिल्लंही बरीचशी आपली आपण निघतात. जी फिरू शकत नाहीत, त्यांना वरच्याच पद्धतीने, दर खेपेला डाळीएवढाच तुकडा काढत मदत करायची.

आणखी एक प्रकार म्हणजे चिकट पिल्लू. कवच कापलं गेलंय, पण पिसं पिवळट, डिंकासारख्या द्रवाने पडद्याला आणि कवचाला चिकटली आहेत. हे कोरडेपणाचं नाही, उलट आहे: आधीचे १८ दिवस आर्द्रता जास्त राहिली, अंड्यातलं पाणी पुरेसं उडालं नाही. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात हेच दिसतं. अशा पिल्लाच्या नाकपुड्या आधी कोरड्या कॉटन बडने मोकळ्या करा, मग चिकटलेली जागा कोमट पाण्याने भिजवून सोडवा. पिसं ओढू नका, कातडी निघते.

बाहेर आल्यावर पोटाशी बलकाची वाटाण्याएवढी गाठ दिसत असेल, किंवा बेंबीला सुकलेला दोरा लोंबत असेल, तर कापायचं नाही, ओढायचं नाही, आत ढकलायचंही नाही. वाटीत ओला टिश्यू पेपर घाला, त्यात पिल्लू बसवा आणि वाटी इन्क्युबेटरमध्ये ठेवा. बेंबीला पोव्हिडोन आयोडिनचा एक थेंब. बारा तासांत गाठ बहुधा आत जाते, दोरा वाळून पडतो. इतर पिल्लं लाल दिसेल तिथे चोच मारतात, म्हणून वर एक प्लास्टिकची जाळीदार टोपली पालथी घाला. मानेमागे फुगवटा दिसला तर तो रोग नव्हे, टवका पाडणारा स्नायू आहे, उतरतो.

सावध करायची एक गोष्ट, कारण ती वारंवार घडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून गोळा होतो आणि तो कोमट पाण्याने भिजवून काढावा लागतो, नाहीतर जागा बंद होते. पण लोक पोटाखालची काळी खपली बघतात, ती विष्ठाच समजतात आणि ओढतात. ती बेंबी असते. गोळा शेपटीच्या लगेच खाली, खपली दोन पायांच्या मध्ये पोटावर, एवढा फरक लक्षात ठेवा.

अडकून बाहेर आलेल्या पिल्लाचे पाय कधी दोन बाजूंना फाकतात. घोटीव वर्तमानपत्रावर चालवलं तर धडधाकट पिल्लाचेही फाकतात, म्हणून पहिले चार दिवस खाली गोणपाट किंवा रबरी जाळीची मॅट. फाकलेच तर चिकटपट्टीची बँडेड उभी अर्धी कापा, दोन्ही पायांना पैंजणासारखी गुंडाळा, मध्ये साधारण अडीच सेंटिमीटर अंतर ठेवा. दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. पाय दिवसागणिक घट्ट होतात, तेव्हा हा उपाय पहिल्या दिवशीच करायचा.

पूर्ण सुकून फुललेली पिल्लं ब्रूडरमध्ये, म्हणजे ऊब दिलेल्या खोक्यात, पहिला आठवडा ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आधी पाणी, मग खाणं. पहिल्या पाण्यात लिटरला ५० ग्रॅम गूळ चालतो, पण काही तासच. नंतर साधं पाणी. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात टेकवा, नाकापर्यंत नाही. मदत केलेलं पिल्लू पहिले दोन दिवस झोपाळू असतं. तिसऱ्या दिवशीही उभं राहत नसेल, पाणी पीत नसेल, तर ते जगणार नाही असं धरून चाला.

काही अंड्यांना मदत करायचीच नाही. कुजका वास, टवक्यातून हिरवट पाणी, किंवा आतल्या आत फुटलेला बलक असेल तर ही पिल्लं वाचत नाहीत आणि इतरांना संसर्ग देतात. बाहेर काढा. मदतीने जगलेली कोंबडी पुढे पैदाशीला ठेवावी का, यावर वाद आहेत. माझं मत: दोष मशिनचा होता, चार-पाच अंडी एकाच कारणाने अडकली, तर खुशाल ठेवा. सगळी सुरळीत निघाली आणि एकच अडलं, तर तिची अंडी खा, उबवू नका.

पुढच्या खेपेला ही वेळच येऊ नये म्हणून वजन करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. १८व्या दिवसापर्यंत अंड्यांनी ११ ते १३ टक्के वजन गमवायला हवं. ४५ ग्रॅमची १२ अंडी म्हणजे ५४० ग्रॅम. अठराव्या दिवशी ती ४७० ते ४८० भरली पाहिजेत. वाटेतच, नवव्या दिवशी, निम्मी घट झाली का ते बघा. जास्त घटली तर पाणी वाढवा, कमी घटली तर पाणी काढून घ्या. आर्द्रतेच्या ठरलेल्या आकड्यापेक्षा हा काटा जास्त खरं सांगतो, कारण तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, मिळणारे स्वस्त आर्द्रतामापक पाच-दहा टक्के सहज चुकतात. ते तपासायचं असेल तर झाकणभर मिठात थोडं पाणी घालून ओला लगदा करा, मापकासोबत हवाबंद डब्यात आठ तास ठेवा. काटा ७५ दाखवायला हवा. जेवढा फरक तेवढा मनात धरून चाला. तापमान पंख्याच्या खोक्यात ३७.५ अंश, बिनपंख्याच्या खोक्यात अंड्याच्या माथ्याशी साधारण ३८.५. अर्धा अंश कमी राहिलं तरी पिल्लं एखाद दिवस उशिरा निघतात, आणि त्या उशिरालाच लोक ‘अडकलंय’ समजून फोडायला घेतात.

आणि वार बघून अंडी ठेवा. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे. ज्या वारी ठेवाल त्याच वारी पिल्लं निघणार. पुण्यात महावितरणचा देखभालीचा वीजबंद बहुधा गुरुवारी असतो, तेव्हा बुधवार-गुरुवारी अंडी ठेवणं म्हणजे ऐन टोचीच्या वेळी वीज घालवणं. रविवारी संध्याकाळी ठेवा: टवके शनिवारी, पिल्लं रविवारी, मागे राहिलेली मंगळवारपर्यंत, आणि तुम्ही घरी. तरीही वीज गेलीच तर झाकण उघडू नका, खोक्यावर गोधडी टाका, फक्त हवेची भोकं उघडी ठेवा.

राहिली ती दोन गप्प अंडी. त्यांना २३व्या दिवसापर्यंत आत राहू द्या. पाण्यात सोडून डुलतं का बघायचा प्रयोग करू नका. केसाएवढी चीर असली तरी पाणी आत जातं आणि जिवंत पिल्लू बुडतं. २३व्या दिवशी टॉर्चखाली हालचाल नसेल तर अंगणात नेऊन, रुंद टोकाकडून फोडा आणि आत बघा. स्वच्छ बलक असेल तर अंडं फळलेलंच नव्हतं. पूर्ण वाढलेलं, ओलंचिंब पिल्लू आणि पोकळी लहान, तर पाणी जास्त झालं. पिल्लू कोरडं, पडदा अंगाला चिकटलेला आणि पोकळी अर्ध्या अंड्याएवढी, तर पाणी कमी पडलं, आणि एप्रिलमध्ये हेच निघण्याचा संभव जास्त. जे दिसेल ते तारखेसकट वहीत लिहा आणि अंडी खोल पुरा. उघड्यावर टाकली तर मुंगूस येतं आणि त्याला खुराड्याची वाट कळते.